कोळंबीचं प्रोबायोटिक, मिनरल आणि ते विकणारं दुकान : तीन पिकं काढल्यावरचा रिव्ह्यू

परवा गोडाऊन झाडायला काढलं तर प्रोबायोटिक (म्हणजे चांगले जीवाणू), मिनरल, जेल असले रिकामे डबे आणि पाकिटं मिळून सत्तेचाळीस नग निघाले. मी मोजत बसलो होतो आणि बाबा मागून म्हणाले, "एवढ्यात दोन एरेटर आले असते रे." (एरेटर म्हणजे तलावाच्या पाण्यात हवा घुसळणारं यंत्र.) खोटं नाही बोलले. म्हणून म्हटलं एकदा लिहूनच टाकू, कारण दर महिन्याला कोणीतरी नवीन तलाववाला फोन करतो की कुठलं प्रोबायोटिक टाकू आणि मी तीच रामकहाणी परत पहिल्यापासून सांगतो.

आधी माझं सांगतो. डहाणू तालुक्यात खाडीलगत एकेक एकराचे दोन तलाव, व्हेनामी जातीची कोळंबी, तीन पिकं झाली. ह्याच खाजणात आजोबा उधाणाचं पाणी आत घ्यायचे आणि जे येईल ते धरायचे, बोयटं, चिंबोऱ्या, थोडी कोळंबी. खाद्य नाही, औषध नाही, तोटाही नाही. व्हेनामी आपल्या देशात २००९ पासून आली, त्याआधी सगळे टायगर कोळंबी करायचे. ही मूळची तिकडची, मेक्सिको-इक्वेडोरच्या किनाऱ्याची, दाटीत वाढते, म्हणून आपण चौरस मीटरला चाळीस-पन्नास पिल्लं सोडतो (नियमाने ६० च्या वर नाही), आणि एवढी दाटी केली की खाली गाळ साचणार, गाळ साचला की व्हिब्रिओ हा रोगाचा जीवाणू वाढणार आणि व्हिब्रिओ वाढला की डबे विकणारे मोटारसायकलवरून बांधावर येणार.

मार्क आधीच देऊन टाकतो म्हणजे ज्यांना वाचायचा कंटाळा त्यांनी इथेच सुटावं. दुकान पाचपैकी तीन. दुकानाच्या मागची लॅब पाचपैकी पाच. माल, काही चार आणि काही सरळ शून्य.

दुकान पालघर बाजूला आहे, नाव लिहीत नाही कारण पुढे थोडं बोचेल असं लिहिलंय आणि मालक भेटला की अजूनही चहा पाजतो. आत शिरलं की यीस्ट, मासळीचं तेल आणि ब्लीचिंग ह्या तिन्हीचा मिळून एक वास येतो, कपड्याला घरापर्यंत चिकटतो. भिंतीवर कोळंबीची पोस्टर, प्रत्येक पोस्टरवर कोळंबी मनगटाएवढी. खाद्य उधारीवर मिळतं, पैसे हार्वेस्टला. इथेच सगळी मेख आहे. खाद्यावर दुकानदाराला फार सुटत नाही, सुटतं ते डब्यांवर, आणि तुमचं खातं त्याच्याकडे असल्यावर त्याने खाद्याच्या गोणींवर चार डबे ठेवले तर "हे नको" म्हणायला तोंड उघडत नाही. पहिल्या पिकाला माझं असंच झालं. बिल आलं तेव्हा कळलं की खाद्य सोडून बाकीच्या 'सप्लिमेंट'चा आकडा बियाण्याच्या खर्चाच्या वर गेलाय.

आता मालाकडे येऊ. पहिलं म्हणजे पाण्यात टाकायचं प्रोबायोटिक, बॅसिलसवालं, सबटिलिस-लायकेनिफॉर्मिस वगैरे नावं असतात. ह्याचं एक बरं की बॅसिलस बीजाणू करून झोपतो, त्यामुळे पावडर वर्षभर कपाटात राहिली तरी जिवंत असते. पाकिटावर लिहिलेलं, ग्रॅमला २ अब्ज सीएफयू (म्हणजे जिवंत जीवाणू), एकरी अर्धा किलो. वाचायला दणदणीत वाटतं. एका रात्री लाईट गेलेली, एरेटर जनरेटरवर, झोप येईना, तेव्हा मी मोबाईलवर हिशेब केला. एकराचा तलाव, पाणी सव्वा मीटरला जरा कमी, म्हणजे साधारण ४८ लाख लिटर. अर्धा किलोत जीवाणू झाले एक लाख कोटी. आता त्याला पाण्याच्या मिलीलीटरने भागा, उत्तर येतं दोनशेच्या आसपास. मिलीलीटरला दोनशे! आणि तलावात आधीपासून जे जीवाणू असतात ते मिलीलीटरला लाखांच्या घरात. म्हणजे भरल्या जत्रेत आपली दोन-चार पोरं सोडायची आणि म्हणायचं की आता जत्रा आपली.

म्हणून ब्रू करायचा, म्हणजे जीवाणू आधी ड्रममध्ये वाढवून घ्यायचे. हे दुकानदाराने नाही शिकवलं, शेजारच्या तलावावर आंध्राचा टेक्निशियन असतो, भीमावरमकडचा, त्याने शिकवलं. दोनशे लिटरचा ड्रम, बोअरचं स्वच्छ पाणी, पाच किलो गूळ, अर्धा किलो पावडर, आत एरेशनचा दगड सोडायचा आणि चोवीस तास बुडबुडे चालू. दुसऱ्या दिवशी झाकण उघडलं की ताडी थोडी उतरल्यावर जसा आंबूस गोड वास येतो तसा यायला पाहिजे, वर फिकट फेस. कुजक्या अंड्याचा वास आला तर ओतून द्या, मोह करू नका. पाच किलो गुळाला जीव तुटतो पण तलाव तुटण्यापेक्षा बरं. ड्रमही दरवेळी घासून धुवायचा, नाहीतर मागच्या वेळचे कोण कोण त्यात वाढतंय कोणास ठाऊक.

आणि सकाळी टाका. सकाळी म्हणजे ऊन वर आल्यावर, एरेटर चालू ठेवून. पहिल्या पिकाला पन्नास-बावन्नावा दिवस असेल, मी दिवसभर लग्नाला गेलो होतो, आलो आणि संध्याकाळी सातला दोन्ही ड्रम रिकामे केले, म्हटलं रात्रभर काम करतील बिचारे. पहाटे साडेतीनला राखणदाराचा फोन, "दादा, कोळंबी कडेला आलीय." बॅटरी मारली तर बांधाच्या कडेला लाल डोळ्यांची रांगच रांग, टॉर्चच्या उजेडात कोळंबीचे डोळे निखाऱ्यासारखे चमकतात ते ज्याने पाहिलंय त्याच्या पोटात अजून गोळा येईल. डीओ मीटरवर, म्हणजे पाण्यातला ऑक्सिजन मोजायच्या यंत्रावर, २.१. सगळे एरेटर लावले, शेजाऱ्याचे दोन उचलून आणले, उजाडेपर्यंत धरलं कसंतरी. मेली त्यातली किती ते चेक ट्रेवरून (कोळंबी आणि खाद्य बघायला पाण्यात सोडलेलं जाळीचं ताट) पुढच्या आठवड्यात कळलं. कारण साधंच, जीवाणूही ऑक्सिजन घेतात, वर गूळ खाऊन दुप्पट घेतात, आणि रात्री पाण्यातलं हिरवं शेवाळ ऑक्सिजन देत नाही, उलट तेही घेतं. डब्यावर हे कुठेच लिहिलेलं नव्हतं. दुकानदाराला विचारलं तर म्हणाला, "सगळ्यांना माहीत असतं ते." मला नव्हतं ना शेठ. एक मार्क इथे कापला.

दुसरी चूक माझीच, पाण्याला ब्लीचिंग केलं आणि क्लोरीन गेला की नाही ते न बघताच प्रोबायोटिक टाकलं. म्हणजे पाहुण्यांना जेवायला बोलवायचं आणि ताटात उंदराचं औषध. क्लोरीन, आयोडीन, बीकेसी असल्या कुठल्याही जंतुनाशकाचा मारा केला की थांबा, किटने तपासा, मग जीवाणू सोडा.

तरी बॅसिलसला मी चार देतो. गाळाचा काळेपणा आणि तो सडका वास नक्की कमी झाला, हार्वेस्टनंतर तलाव सुकवला तेव्हा मधल्या गाळाचा ढीग मागच्यापेक्षा निम्मा होता. पाचवा मार्क का नाही, तर गुळाचं किती आणि पावडरचं किती हे मला अजून सुटलेलं नाही. नुसता गूळ टाकला तरी पाण्यातले असलेले जीवाणू तो खायला लागतात आणि खाताना पाण्यातला विषारी अमोनियाही ओढून घेतात, बायोफ्लॉकवाले ह्याच तत्त्वावर टाक्या चालवतात. तिसऱ्या पिकात एका तलावात तीन आठवडे फक्त गूळ दिला, पावडर नाही. अमोनियाचं रीडिंग दोन्हीकडे जवळपास सारखंच. दुकानात सांगितलं तर विषय बदलला.

आता शून्यवाला माल. अमोनिया उतरवणारी बाटली, नायट्रोसोमोनस आणि नायट्रोबॅक्टर असलेली, कंपनीचं नाव नको, एक लिटरची, महाग. लेबलवर '२४ तासांत अमोनिया शून्य'. बाटली दुकानाच्या दारात उन्हाला ठेवलेली असायची, विकत घेतली तेव्हा बूड फुगलेलं, उघडली तर गटाराचा भपकारा. आमचा अमोनिया किटवर १ पीपीएम (लिटरला एक मिलिग्रॅम) होता, तीन दिवसांनी १ पीपीएमच. मग खाद्य तीस टक्के तोडलं, थोडं पाणी बदललं, चार दिवसांत निम्म्यावर आला. नंतर वाचलं, विचारलं तेव्हा कळलं की हे जीवाणू बॅसिलससारखे बीजाणू करत नाहीत, त्यांना सतत ऑक्सिजन लागतो, बंद बाटलीत उन्हात महिनोन्‌महिने ते कसे जगणार. शिवाय वाढतात अगदी सावकाश, तलावात त्यांचं बस्तान बसायला आठवडे जातात, आणि काम करताना पाण्यातली अल्कलिनिटी (आम्ल मारणारे क्षार) खातात, एक भाग अमोनिया-नायट्रोजनला सात भागांच्या वर. अल्कलिनिटी कमी असेल तर जिवंत बाटलीही काही करणार नाही. चेन्नईच्या सीबा ह्या सरकारी संस्थेचं सीबामॉक्स नावाचं ह्याच कामाचं एक प्रॉडक्ट आहे, मी वापरलेलं नाही म्हणून त्याला मार्क देत नाही. उन्हातल्या बाटलीला शून्य. परत घेतली का? नाही. "उघडलेला माल परत नाही." अहो न उघडता वास कसा कळणार!

आतड्यासाठीचं प्रोबायोटिक, म्हणजे खाद्याला चोळून द्यायचं, लॅक्टोबॅसिलस-बॅसिलस-यीस्ट मिक्स. किलो खाद्याला दहा ग्रॅम, वर जेलचं बाइंडर, सावलीत पसरून अर्धा तास सुकवायचं. आमच्याकडे मावशी येतात मिसळायला, त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं की जेलपेक्षा अंड्याचा बलक सोडून पांढरं घ्या, स्वस्त पडेल, चिकटतंही. खरंच चिकटतं. फक्त चटईवर कावळे येतात, एक माणूस हाकलायला लागतो, मग ते स्वस्त राहत नाही.

ह्याचा हिशेब मात्र मी नीट ठेवला. दुसऱ्या पिकाला पहिल्या तलावात आतड्याचं प्रोबायोटिक दिलं, दुसऱ्यात नाही. एफसीआर, म्हणजे किलोभर कोळंबीला लागलेलं खाद्य, आला १.३४ आणि १.४१. मी खूश, दुकानदार माझ्याहून खूश, त्याने माझं उदाहरण दहा जणांना सांगितलं. तिसऱ्या पिकाला मी गुपचूप उलटं केलं, दुसऱ्यात दिलं, पहिल्यात बंद. आला १.३८ आणि पहिल्याचा १.३६. म्हणजे पहिला तलाव मुळातच चांगला आहे, उघाडीजवळ (पाणी आत-बाहेर सोडायचं दार), वारा लागतो, तळ घट्ट. दुसऱ्याला थोडा फायदा झाला असेलही, १.४१ चा १.३८ झाला, पण बियाणं वेगळं, पाऊस वेगळा, कोण छातीठोक सांगणार. पाचपैकी तीन देतो आणि फक्त पहिले चाळीस दिवस आणि कात टाकायच्या दिवसांत वापरतो. हे आकडे दुकानदाराने अजून कोणाला सांगितल्याचं ऐकलं नाही.

मिनरलबद्दल जरा सविस्तर, कारण कोकणात खरी मारामारी तीच. आमची खाडी मे महिन्यात ३५ पीपीटीच्या (लिटरला ३५ ग्रॅम मीठ) वर खारट असते आणि जूनचे पहिले चार दणके बसले की वरचं पाणी एकदम गोडं होतं. कोळंबीला कात टाकल्यावर नवं कवच घट्ट करायला कॅल्शियम, मॅग्नेशियम, पोटॅशियम बहुतेक पाण्यातूनच ओढायचं असतं, आणि अमावस्या-पौर्णिमेच्या आसपास तर घाऊक कात पडते. पहिल्या जूनला चेक ट्रे वर काढला तर चार कोळंब्या आकड्यासारख्या वाकलेल्या, पाठ पांढरी, सरळच होईनात. बोटाने सरळ केलं तर परत वाकतात. क्रॅम्प, म्हणजे स्नायू आखडलेले. दुकानातून दहा किलोची मिनरल मिक्सची बॅग आणली, टाकली, काही फरक नाही, परत दहा किलो, परत नाही.

मग परत तोच भागाकार. दहा किलो भागिले ४८ लाख लिटर म्हणजे २ पीपीएम, आणि त्यातही पोटॅशियम किती तर थोडंसं. समुद्राच्या पाण्यात सोडियम आणि पोटॅशियमचं प्रमाण २८ ला १ असतं, मॅग्नेशियम कॅल्शियमच्या तिप्पट. पाणी ५ पीपीटीवर आलं तर पोटॅशियम निदान ५० पीपीएमच्या आसपास पाहिजे. आमचं पाणी लॅबला दिलं तर २२ आलं. ही तूट दहा किलोच्या रंगीत बॅगेने भरणार होती होय! खताच्या दुकानातलं पोटॅश घेतलं, एमओपी, ५० किलोच्या गोणीत निम्मं पोटॅशियम, म्हणजे गोणीमागे पाच पीपीएम. पाच गोण्या टाकल्या, दोन-दोन दिवसांचं अंतर ठेवून, मॅग्नेशियम वेगळं, आणि पाऊस चालू असताना उघाडीच्या वरच्या फळ्या काढून वरचं गोडं पाणी बाहेर जाऊ दिलं. आठवड्यात वाकडी कोळंबी दिसायची बंद झाली. तर दुकानातल्या मिनरल मिक्सला पाण्यासाठी एक, खाद्यातून द्यायला तीन, आणि खतवाल्याच्या पोटॅशला पाच. ते ह्या दुकानात मिळत नाही, हा त्यांचा दोष म्हणायचा की धंदा, तुम्ही ठरवा.

व्हिटॅमिन सी कोटेड असेल तरच घ्या, साधं पाण्यात विरघळून जातं, कोळंबी नुसती बघत बसते. लिव्हर टॉनिक, इम्युनो अमुक, ग्रोथ तमुक, ह्या सगळ्याला एकत्र एक मार्क, तोही बाटल्या नंतर डिझेलला कामाला येतात म्हणून.

आणि ईएचपी ह्या कोळंबीच्या रोगावर औषध म्हणून जे विकतात त्यांच्यापासून हात जोडून लांब राहा. गेल्या पिकात शेजारच्या तलावात पांढरे धागे तरंगायला लागले, शेवयांसारखे, व्हाईट फिकल म्हणजे पांढरी विष्ठा, आणि कोळंबी वाढायचीच थांबली. एका कंपनीचा माणूस येऊन प्रोबायोटिक आणि लसणाच्या अर्काचं 'पॅकेज' देऊन गेला, वीस दिवसांचा कोर्स. पैसे गेले, कोळंबी १२ ग्रॅमलाच अडकली. ईएचपी हा पेशीच्या आत बसणारा परजीवी, त्याचे बीजाणू तळाच्या मातीत राहतात, प्रोबायोटिकने तो जात नाही. बियाणं पीसीआर (रोगाची लॅब टेस्ट) करून घेणं, दोन पिकांच्या मधे तलाव भेगा पडेपर्यंत सुकवणं आणि कळीचा चुना भरपूर मारणं, एवढंच हातात आहे. चुन्याच्या गोणीला कोणी पोस्टर छापत नाही.

पाकिट घेताना अजून एक बघा, कोस्टल ॲक्वाकल्चर ऑथॉरिटीचा अँटिबायोटिक-मुक्त असल्याचा नंबर छापलाय का. मला एकदा साध्या पांढऱ्या पिशवीत, लेबलच नसलेलं 'स्पेशल' दिलं होतं, "आंध्रात हेच चालतं" म्हणून. परत केलं. क्लोरॅम्फेनिकॉल, नायट्रोफ्युरान असलं काही त्यात निघालं तर हार्वेस्टआधीच्या टेस्टला अख्खा माल अडकतो, आणि तेव्हा पिशवी देणारा फोन उचलत नाही. २०२५ च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेने ५० टक्के टॅरिफ (आयात कर) लावल्यापासून आमचा व्यापारी तसाही भाव पाडायला कारणच शोधत होता, आपण हातात आयतं कशाला द्यायचं.

आता ज्याच्यासाठी मी त्या दुकानात अजूनही जातो ते. मागच्या बाजूला पत्र्याच्या खोलीत लॅब आहे, एक मुलगी बसते, फिशरीजची पदवीधर, रत्नागिरीच्या कॉलेजची. तिला पाण्याची बाटली आणि चार जिवंत कोळंब्या द्यायच्या. ती टीसीबीएसच्या हिरव्या प्लेटवर थेंब पसरवते आणि दुसऱ्या दिवशी व्हिब्रिओच्या वसाहती मोजून देते, पिवळ्या किती, हिरव्या किती. हिरव्यांत ईएमएस (कोळंबी लहानपणीच मारणारा रोग) करणारा पॅराहिमोलिटिकस असू शकतो म्हणून हिरव्यांचा आकडा चढला की सावध व्हायचं, पण पिवळ्या म्हणजे सगळ्या सज्जन असंही नाही, हे तिनेच सांगितलं. दोनशे रुपयांत. पहिल्या वेळी तिने प्लेट खिडकीच्या उजेडात धरून दाखवली, पिवळ्याधमक टिकल्यांमध्ये सात हिरव्या, भुईमुगाच्या पानावर रोग पडल्यासारख्या, आणि मी विचारलं काय टाकू, तर म्हणाली, "सर, काही टाकू नका, दोन दिवस खाद्य कमी करा, मधला गाळ काढा, परवा परत पाणी आणा." बाहेर मालक गल्ल्यावर बसून सगळं ऐकत होता. तिसऱ्या दिवशी हिरव्या दोन.

त्या एका वाक्याने माझे किती डबे वाचले असतील! तिसऱ्या पिकाला दर सोमवारी प्लेट लावली आणि प्लेटवर आकडा चढला तरच ब्रू, नाहीतर नाही. डबे पहिल्या पिकाच्या तिसरा हिस्सा लागले. काऊंट (किलोला किती कोळंबी बसतात तो आकडा) ४० चा निघाला, पहिल्या पिकाला ५५ वर आटपावं लागलं होतं. सगळं श्रेय प्लेटला देत नाही, एरेटरही एक वाढवला होता, बाबांच्या हट्टाने.

जायचं असेल तर सकाळी दहाच्या आत जा, पाणी पहाटेचं घ्या, बाटली थर्माकोलच्या डब्यात बर्फाजवळ ठेवा पण बर्फाला चिकटू देऊ नका, आणि कोळंबी जिवंतच पोचली पाहिजे, मेलेली ती घेत नाही. शनिवारी देऊ नका, रविवारी प्लेट वाचायला कोणी नसतं. आणि आत जाताना गल्ल्यावर थांबलात तर खाद्याच्या गोणीवर चार डबे येतीलच, तेव्हा सरळ मागच्या दाराने शिरा, तिकडून रस्ता आहे, चिकूच्या वाडीतून.